बेचाळीस नंबरची मेंढी

३ मार्च

जर्नलमध्ये पेपर छापून आला. आमचा पेपर! नावं सात — त्यात मी नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पहिले सर, मग त्यांचा जावई — ज्यानं जन्मात मेंढीच्या शेपटीला हात लावला नसेल! मी सापडले शेवटच्या पानावर, बारीक टायपात: ‘मेंढ्यांची निगा राखल्याबद्दल आभार.’

अकरा वर्षं! पोटातल्या जंतांना पुरून उरणारं मेंढीचं वाण — कल्पना माझी, पैदास माझी, रक्ताच्या तपासण्या माझ्या. दर पंधरवड्याला प्रत्येक मेंढीची लेंडी मायक्रोस्कोपखाली घ्यायची आणि जंतांची अंडी मोजायची. आकडा कमी, ती मेंढी पैदाशीला. आकडा चढला, ती कळपाबाहेर. मोजता मोजता चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. आणि निगा राखली म्हणे!

४ मार्च

सरांना गाठलं. “अगं, तुझं नाव राहूनच गेलं बघ. घाईघाईत झालं सगळं.”

मग जावयाचं बरं राहिलं नाही! — बोललेच मी. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “घरच्या माणसानं असं मनाला लावून घ्यायचं नसतं.” घरचं माणूस! केसानं गळा कापायचा आणि वर नातं सांगायचं.

घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, “तक्रार कर. गप्प बसलीस तर पुढच्या वेळी आभारातूनही उडशील.” मेलं हसूही आलं.

७ मार्च

संस्थेच्या चौकशी समितीकडे तक्रार दिली. पुरावा म्हणून वह्या हव्यात. बावीस वह्या, सगळं अक्षर माझं. मामांनी दोन खेपांत वर आणून दिल्या. मामा म्हणजे आमचे शेडवाले. लेंड्या गोळा करायच्या, नंबर टाकलेल्या पिशव्यांत भरायच्या आणि मला आणून द्यायच्या, हे पहिल्या दिवसापासून त्यांचंच काम. “तुमचं नाव यायलाच पाहिजे, ताई. लागलं तर मी येतो साक्षीला.”

एक तरी माणूस सरळ आहे.

८ मार्च

वह्या वाचतेय. काय काम केलंय मी! खरंच.

११ मार्च

सहाव्या वर्षाची वही. सतरा नंबरच्या मेंढीपुढे समासात माझीच टीप: ‘त्रिकोणी अंडी! वेगळ्याच जातीचा जंत. अख्ख्या कळपात फक्त हिच्या पोटात.’ चार पानं उलटली. बेचाळीस नंबर — त्रिकोणी अंडी. छप्पन्न नंबर — त्रिकोणी अंडी. दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या, आकडेही सतरा नंबरइतकेच कमी. आणि आदल्या पंधरवड्यात ह्याच दोघींचे आकडे चढायला लागले होते.

एकाच मेंढीची लेंडी तीन पिशव्यांत!

नोंद माझ्या हातची, आणि मला दिसलं नाही. कमी आकडे हवे होते, कमी आले, मी खूश. बेचाळीस! अर्धा कळप तिच्याच वंशाचा आहे.

१२ मार्च

शेडमध्ये गेले. मामा एका मेंढीची खुरं कापत बसले होते. वही पुढे धरली. त्यांना वाचायला फारसं येत नाही, पण माझं बोट कुठल्या आकड्यावर आहे ते कळलं.

“आकडा चढला की तुम्ही कळपाबाहेर काढायचा,” ते म्हणाले. “बाहेर म्हणजे खाटकाकडेच की, ताई. बेचाळीसची आई मेली तेव्हा तुम्हीच तिला बाटलीनं दूध पाजलं. तुमच्या मागं मागं फिरायची. ती गेली असती तर तुम्हाला सोसलं नसतं.”

“किती वेळा केलंत असं?”

“मोजलं नाही.”

मोजलं नाही! अख्ख्या आयुष्यात कुणावर ओरडले नसेन एवढी ओरडले. ते खुर हातात धरून तसेच बसून राहिले. मेंढीही हलली नाही.

सरांनी नाव नेलं. ह्यांनी काम नेलं, आणि तेही मायेनं! सरांचा राग तरी करता येतो. ह्यांचं काय करू?

१३ मार्च

कामावर गेले नाही.

१९ मार्च

सरांचा फोन. समितीचं पत्र पोचलेलं दिसतंय, आवाजात नुसता मध. “झालं गेलं विसर. दुरुस्ती छापून आणतो, पहिलं नाव तुझं.” म्हटलं, सर, वह्यांत घोळ आहे. पिशव्या अदलाबदल झाल्यात, आकडे खरे नाहीत. मग म्हणाले, “वह्या कोण बघतंय? नाव हवं होतं ना तुला? घे की मग.”

नवऱ्याला पहिल्या नावाचं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, “जिंकलीस!” मी भांडी घासत राहिले.

मामांना निवृत्त व्हायला दोन महिने आहेत. शेडमध्ये समोर आले की मान खाली घालतात. मीही बघत नाही.

२ एप्रिल

दुरुस्ती आली. पहिलं नाव माझं.

त्याच नावाच्या हक्कानं आज जर्नलला पत्र पाठवलं: पेपर मागे घ्यावा. नमुने एकमेकांत मिसळले होते. तपासायचं काम माझं होतं, चूक माझी. मामा त्यात शेवटच्या ओळीपुरते आहेत — मेंढ्यांची निगा राखल्याबद्दल आभार.