सेल काढून ठेवावा

४ मार्च
बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत माझ्यात फरक दिसला नाही तर ती बहिणीकडे जाणार, कायमची. थेरपिस्टकडे जा म्हणाली. दोघांनी ना, असं विचारलं. तर म्हणे, नाही, तुम्ही एकटे जा. आई गेल्यापासून सात महिने मी भिंतीशी बोलतेय. एका अर्थी बरंच झालं. एकट्याने गेलं की आपली बाजू नीट मांडता येते.

७ मार्च
मी ऐकत नाही, हा तिचा मुख्य आरोप. आणि माझं काम काय, तर लोकांचे कान तपासणं! बावीस वर्षं ‘आवाज आला की बटण दाबा’ सांगतोय. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचीच चाचणी केली. दोन्ही कान उत्तम. रिपोर्ट घडी घालून घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. लेखी पुरावा.

१० मार्च, पहिलं सेशन
बाईंना रिपोर्ट दाखवला. छान आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, आईबद्दल सांगा. म्हटलं, वय झालं होतं, सुटली बिचारी. मग खुर्ची दोनदा बदलली. बायकोच्या बारा चुकांची यादी वाचायची राहूनच गेली.

१७ मार्च
आईची एखादी वस्तू ठेवली आहे का, असं बाईंनी विचारलं. कानाचं मशीन आहे ड्रॉवरमध्ये, म्हटलं. दर रविवारी सेल बदलतो, नाहीतर बिघडेल. बाई म्हणाल्या, माझ्या वडिलांना तर तुमच्याच दवाखान्यात सांगितलं होतं, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. म्हटलं, ते पेशंटसाठी.
गृहपाठ: बायकोशी रोज आईबद्दल एक गोष्ट बोलणे. सोपं आहे. उद्यापासून.

१९ मार्च
तिचं डोकं दुखत असावं. उद्या.

२० मार्च
बोललो! आईच्या फोनचं कनेक्शन बंद करायला हवं, म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली. प्रगती आहे.

२४ मार्च
सेशनला गेलो नाही. दवाखान्यात गर्दी. दोन पेशंट होते.

३१ मार्च, सकाळी
भाषण तयार. मुद्दे पाच. संध्याकाळी सहाला बोलणार. चहा तीनदा गरम केला, प्यायचा राहिला.

३१ मार्च, संध्याकाळी सात
सहाला पुराव्यासाठी ड्रॉवर उघडला. रिपोर्टबरोबर मशीन मुठीत आलं आणि शिट्टी वाजली. आईने कानावर हात ठेवला की वाजायची, तशीच.
स्वयंपाकघरातून बायको सवयीने ओरडली, आई, मशीन नीट बसवा हो!
ती बाहेर आली. मी म्हणालो, आई गेली.
ती म्हणाली, हो. तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतेय.
पुढचं भाषण जमलं नाही. नाक पुसायला हाताशी आला तो कागद नेमका रिपोर्ट निघाला.
तिने माझ्या मुठीतून मशीन घेतलं, सेल काढला. बॅग अजून दाराशीच आहे. फक्त आतला टॉवेल काढून तिने मला दिला.