बुडालेलं भाडं, सुटलेला ट्रक

मी, ओफेलिया कांतू, वय त्रेसष्ट, धंदा मालवाहतूक, राहणार लारेडो, टेक्सास, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अक्षर हललं असेल तर ते आनंदाने. परवापर्यंत मागे ठेवायला माझ्याकडे कर्जच होतं. काल बँकेने ट्रक मोकळा केला!

कलम १. ट्रकची निम्मी मालकी भाची मारिसेला हिला. तो कसा वाचला हे लिहून ठेवते.

ड्वेन पर्सेल हा दलाल. कंपन्यांचा माल आम्हा ट्रकवाल्यांना मिळवून द्यायचा आणि मधलं कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. त्याने माझी सगळी भाडी गिळली आणि फोन बंद केला. हप्ते थकले. बँकेची माणसं ट्रक ओढून न्यायला दारात आली, तेव्हा शेजारच्या ट्रकवाल्या आबेलार्दो साएन्सने हप्ता भरला.

मार्चमध्ये फोन आला. कंपनी नवी, आवाज त्या पर्सेलचाच! फोन कोणाला लावलाय याचा त्याला पत्ताच नव्हता. "मॅडम, लिंबं ओमाहाला न्यायचीत. पैसे बँकेत पडलेच म्हणून समजा."

मारिसेला कुजबुजली, "मावशी, ठेव तो फोन!"

"गप गं. या खेपेला मासा आपल्या गळाला लागलाय."

माल भरताच मी लिंबांच्या मालकीणबाईंना, हेडविग ब्रांट यांना फोन लावला. "बाई, तुमची लिंबं माझ्या ट्रकात आहेत. तुम्ही दिली कोणाला होती?"

"अहो, मी तर दुसऱ्याच कंपनीला दिली होती!"

त्या कंपनीचं नाव चोरून पर्सेलनेच माल उचलला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही माल पोचवा, भाडं मी देते. त्याला चेक न्यायला इथेच बोलावते."

आला की! बाईंच्या ऑफिसात बाई, मी आणि दोन पोलीस बसलेले.

"काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला.

"गैरसमज कसला मेल्या, भाडं थकलंय!" मी म्हणाले.

दलालीच्या परवान्यासाठी दलालाला सरकारी नियमाने हमीची रक्कम ठेवावी लागते; पुढे त्याच्या त्या रकमेतून माझी बुडालेली भाडी मिळाली आणि कर्ज फिटलं.

कलम २. घर बहीण देल्फिनाला. तिचा नवरा रुबेन "बाईच्या हातात ट्रक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत" असं भर जेवणात म्हणाला होता. त्याने घरात खुशाल राहावं. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवू नये.

कलम ३. ट्रकची उरलेली निम्मी मालकी आबेलार्दोला. पोलिसांत जबाब देताना मला कळलं, पर्सेलने त्यालाही बुडवलं होतं. माझा हप्ता भरला त्याच महिन्यात त्याचा स्वतःचा ट्रक बँकेने नेला. मी ओरडलेच, "अरे, बोलला का नाहीस?"

"ताई, दोघांचे जाण्यापेक्षा एकाचा राहिलेला बरा."

कायद्याने हे कलम मी मेल्यावर लागू होईल. पण मला कुठला दम निघायला! दुसरी किल्ली मी आज सकाळीच त्याच्या हातात ठेवून आले. मारिसेला आणि तो आत्ता कांदे घेऊन डॅलसच्या वाटेवर आहेत.

वाचून, समजून, खुशीने सही केली:
ओफेलिया कांतू

आमच्यासमोर सही झाली:
१. हेडविग ब्रांट
२. इग्नासियो पेन्या, शेजारी

लारेडो, १४ जून २०२४