रखमाजीचे इंग्रजी वाचन

अंतरवाली, ता. अंबड
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६५

प्रिय बद्रीनाथ,

धाकट्या भावाचा, रखमाजीचा, दहावा करून तू औरंगाबादेस परतलास, त्याच संध्याकाळी लालमियाँ विणकराला पोलीस घेऊन गेले. त्यानेच रखमाजीला जमिनीखालच्या पेवातली ज्वारी चोरून विकायला शिकवले, असे काकासाहेबांनी चावडीवर सांगितले. मेलेल्या पोटच्या पोराला त्यांनी चोर म्हटले. तुलाही त्यांनी हेच सांगितले असणार.

गुढीपाडव्याला तू म्हणाला होतास, रखमाजीला इंग्रजी वाचता येईल एवढे कर, रेल्वेत चिकटेल. मी सहावी सोडलेला, तरी आनंदाने हो म्हणालो. पहिलीचे पुस्तक पुढे ठेवले तर तो मिशीवरून हात फिरवत हसला, "कचरू मास्तर, दोन लेकरांचा बाप हाये मी. मांजर आन् उंदराचं किती वाचू?" मग मी जालन्याहून रद्दीतली इंग्रजी वर्तमानपत्रे आणू लागलो. कात्रणे पुठ्ठ्यावर चिकटवून अवघड शब्दांखाली रेघ ओढायचो. आधी रशियाची लढाई, मग ब्रह्मदेशातून पायी निघालेले लोक, मग बंगालचा दुष्काळ. बंगालच्या बातम्यांतली वाक्ये लहान होती, म्हणून त्याच जास्त दिल्या. मी एवढेच पाहिले. मेलेल्यांचे आकडे त्याच्याकडून बिनचूक वाचून घेतले आणि शाबास म्हणालो.

तो मात्र तिथेच अडायचा. एकदा म्हणाला, "कलकत्त्याचे व्यापारी आन् आमचा बाप एकच की रं. भाव चढंल म्हणून आमचं पेव बंद, आन् लालमियाँची लेक रजिया तरोट्याचा पाला उकडून खाऊन राह्यली." लढाईमुळे सूत मिळेना, लालमियाँचा माग सहा महिने बंद होता. हे मलाही दिसत होते. मी म्हणालो, पुढचे वाक्य वाच.

काकासाहेब अंबडला गेले त्या दुपारी त्याने पेव उघडले. दोन पायल्या ज्वारी लालमियाँच्या घरी नेऊन द्यायची होती. लालमियाँला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. रखमाजी पेवातून वर येईना म्हणून शेजारच्या सगुणाबाईने हाका मारल्या तेव्हा लालमियाँ धावला. कमरेला दोर बांधून उतरायला निघाला, लोकांनी त्याला धरून ठेवले. तोच आज कोठडीत आहे.

मला हे कसे माहीत, ते लिहितो. आदल्या दिवशी रखमाजीने मला सारे सांगितले होते. बंद पेवातली हवा जहरी असते, उघडून दोन दिवस मोकळे ठेवावे लागते, हे तुमच्या घरातले पोरही जाणते. त्याच्यापाशी एक दुपार होती. म्हणून आधी कंदील आत सोडायचा, विझला तर उतरायचे नाही, असे ठरले. घरचा कंदील काढला तर आई विचारील, म्हणून तो मी आणायचा होता. दोर धरून वर थांबायचेही मीच. मी कंदिलात तेल भरले, काच पुसली, आणि काकासाहेबांच्या धाकाने आतून कडी लावून बसलो. वाट पाहून तो तसाच उतरला. किती वेळ पाहिली असेल, ते मला कधी कळणार नाही. उद्या अंबडला जाऊन हेच जबाबात लिहून देणार आहे. लालमियाँला सोडतील की नाही, सांगता येत नाही. तुमच्या दारात मात्र मला आता जागा राहणार नाही. हे तू लोकांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून तुला कळावे, म्हणून लिहिले.

अजून म्हणू दिलेस तर, तुझाच
कचरू