चिमणी माझी भागीदार

ती. ताई,

इथूनच वाकून नमस्कार (कंबर धरल्यापासून मी फक्त पत्रातच नीट वाकते). तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि सूनबाईंचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरी आहे. बरी कसली, थोर आहे! तुझ्या धाकट्या बहिणीचा जाहीर सत्कार झाला.

त्याचं असं झालं. आमच्या लाँड्रीसमोरच्या सिमेंट कंपनीत एक नवं खातं निघालंय, सामाजिक दायित्वाचं. म्हणजे कंपनीने लोकांचं भलं करायचं आणि त्याचे फोटो काढायचे (फोटो आधी ठरतात, भलं मागून सवडीने येतं). मागे या खात्याने शाळेतल्या मुलांना पांढऱ्या टोप्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत चिमणीच्या धुळीने त्या उंदरासारख्या करड्या झाल्या आणि झाडून सगळ्या माझ्याकडे धुवायला आल्या. तर त्याच खात्यातली एक गोड पोरगी दुकानात येऊन म्हणाली, "मावशी, कंपनी आल्यापासून तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?" मी म्हटलं, "धंदा दुप्पट झाला." पोरीचे डोळे भरून आले. का झाला, हे काही तिने विचारलं नाही. झालं! मी एका वाक्यात 'यशस्वी महिला उद्योजक' ठरले.

सत्काराला मोठे साहेब आले, पांढऱ्याशुभ्र शर्टात. खुर्च्यांची पांढरी कव्हरं सकाळीच मी धुऊन दिली होती, ती भाषणं सुरू होईपर्यंत पार काळवंडली (पुन्हा माझ्याकडेच येणार, म्हणून मला गहिवरून आलं). मला वाचायला कागद दिला होता, पण चष्मा इस्त्रीच्या टेबलावर राहिला. मग मनातलंच बोलले. म्हटलं, "साहेब, तुमची चिमणी माझी भागीदार आहे. ती मळवते, मी धुते. ती कधी सुट्टी घेत नाही, कधी भांडत नाही. तिला उदंड आयुष्य लाभो." ताई, मी अगदी मनापासून बोलले गं! पण पहिल्या रांगेतले शाळेचे मास्तर हसले, हसता हसता खोकले, आणि मग अख्खा मंडप हसत-खोकत बसला. साहेबांना काही उमगलं नाही, ते टाळ्या वाजवत राहिले. त्यांच्या शर्टाची कॉलर तेवढी शांतपणे करडी होत होती.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि जगभर फिरलं. वरच्या ऑफिसातून फोन खणखणले. इतकी वर्षं मास्तरांनी धुळीविरुद्ध अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कंपनीच्या अंगावरची माशी हलली नाही. माझ्या आशीर्वादाने मात्र महिनाभरात चिमणीला धूळ अडवणारं यंत्र बसलं. फाटकावर आता भला मोठा फलक आहे, 'स्वच्छ हवा, आमची जबाबदारी', आणि खाली हात जोडलेली मी.

शेजारणी येता-जाता दुवा देतात. झाडांची पानं हिरवी असतात, हे पोरांना नव्यानेच कळलंय. ह्यांचा खोकला थांबला (आता त्या वेळात बोलतात). आणि दुकानात इस्त्री गार पडलीय. चार-चार दिवस शर्ट मळत नाही, ताई! मळला तरी लोक म्हणतात, "उद्या बघू." परवा ती गोड पोरगी पुन्हा आली होती. म्हणाली, "मावशी, धंदा मंदावलेल्या महिलांसाठी आमची नवी योजना येतेय. शिवणयंत्र देतो. फोटो कधी काढू?" मी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. रडू आलं होतं, पण पोरीसमोर कशाला?

असो. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार. माझी काळजी करू नकोस, मी खरंच समाधानी आहे.

तुझी,
धाकटी

ता.क. समाधानी आहे ते हवेबद्दल.

ता.क. दुसरा : तुमच्या गावाबाहेर नवी सिमेंट कंपनी येतेय म्हणे. तिच्या समोर एखादा गाळा भाड्याने मिळतो का, तेवढं भाऊजींना बघायला सांग. वाऱ्याची दिशा मात्र आधी नीट पाहून घ्या.