लाल पान आलं की थांबायचं

सर, तुमचं जुनं मशीन अजून दुकानात आहे. कर्जतची ती स्टेशनजवळची जागा आता मी चालवते. पाटीवर तुम्ही रंगवून घेतलेलीच अक्षरं आहेत, 'टायपिंग व कॉम्प्युटर', फक्त खाली मी 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' एवढं वाढवलंय. मशीनच्या आतलं बरंच काही बदललं, डबा आणि बोर्ड तेवढे तुमच्या वेळचे. त्या बोर्डवरचा नाण्याएवढा सेल तुम्ही गेल्यावर संपला तो संपलाच. त्यामुळे मंगळवारी देखभालीसाठी लाइट गेली की मशीन सगळं विसरतं. लाइट आल्यावर सुरू केलं की कोपऱ्यात तारीख येते एक जानेवारी, तुम्ही ते विकत घेतलंत त्या वर्षाची. लोक म्हणतात भंगारात द्या. मी देत नाही. का देत नाही ते शेवटी सांगते, त्याआधी दुसरं एक सांगायचं आहे, जे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

तुमची शिस्त टाइपरायटरवरची. आधी रिबन, मग मार्जिन, मग बोटं. कॉम्प्युटर आला तर तुम्ही त्यालाही तीच शिस्त लावलीत. शटर वर गेलं की मनगटावरच्या घड्याळाशी मशीनचं घड्याळ ताडून बघायचं, उदबत्ती त्यानंतर. मला हसू यायचं. एकदा विचारलं तर तुम्ही समोरचं स्टूल ओढून बसलात आणि समजावून सांगितलंत. प्रत्येक वेबसाइटकडे ती खरी असल्याचं एक सर्टिफिकेट असतं, आणि त्यावर रेल्वेच्या पासासारखं लिहिलेलं असतं, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. "आता पास आजपासूनचा आहे आणि टीसीजवळचं कॅलेंडर चार वर्षं जुनं. तो काय म्हणेल?" मी म्हटलं, पास खोटा म्हणेल. "पण पास खोटा नाही. कॅलेंडर बदलायला हवं. म्हणून 'ही साइट धोक्याची आहे' असं सांगणारं लाल पान आलं की पहिल्यांदा आपलं घड्याळ बघायचं आणि मग जगाला नावं ठेवायची." एवढं सोपं करून मला कॉलेजात कुणी काही शिकवलं नव्हतं.

आणि मग तो सोमवार. रसायनीचा एक गृहस्थ घाईत होता, त्याला बँकेचं काहीतरी बघायचं होतं. लाल पान आलं. घड्याळ बरोबर होतं, तरी मी 'पुढे जा' दाबलं. तुम्ही मागून बघत होतात. पुढे येऊन सरळ प्लग खेचलात. ती साइट बँकेची नव्हतीच, पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं. पण ते तुम्ही नंतर दाखवलंत. आधी चार गिऱ्हाइकांदेखत मला म्हणालात, "अक्कल गहाण टाकून आलीस का घरून? लाल पान आलं की थांबायचं. हात वर. मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही." मी चोवीस वर्षांची होते, बी.कॉम. पहिल्या वर्गात पास. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला. तुमचं बरोबर होतं सर, पण बरोबर असलेल्या माणसाचाच राग जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. तुम्ही खालापूरला तहसील कचेरीत गेलेले. अडीचला लाइट आली, मी मशीन चालू केलं, आणि एक मुलगी पायरीशी चपला काढून आत आली. ठाकुरवाडीहून आली होती. नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, आज पाच वाजेपर्यंतच मुदत होती. दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, एकेक काढून ती मांडीवर हाताने सरळ करत होती. मी साइट उघडली. लाल पान. त्या पानावरच लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ अमुक तारीख दाखवतं आहे, ती बरोबर आहे का. मी ते वाचलं. कोपऱ्यात बघितलं. एक जानेवारी. मला सगळं कळलं, सर. घड्याळावर क्लिक करायचं, तारीख दुरुस्त करायची, पान पुन्हा उघडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि मी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले. हात वर.

"लाल पान आलंय. सरांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही," मी म्हटलं.

"आज शेवटचा दिस हाय ना ताई?"

"साइटच बंद असेल. उद्या ये."

तुम्ही परत याल, विचाराल, आणि मी तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवीन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्हाला फोनही केला नाही. ती तासभर पायरीवर बसली. दुसऱ्या दुकानात जावं हे तिला सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही. मग वर घाटात परतायचं म्हणून ती उठली, जाताना मला 'येते' म्हणाली.

तुम्ही सहा वाजून गेल्यावर आलात. मुलगी येऊन परत गेल्याचं मी सांगितलं आणि ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघितलंत. मशीनचा डबा उघडलात, सेल काढून तळहातावर घेतलात. "गेले दोन महिने बदलीन बदलीन म्हणतोय," तुम्ही म्हणालात. "माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं." बोलायची वेळ तीच होती. तुम्ही दोष आपल्याकडे घेतलात आणि मी तो घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी दुखरे गुडघे घेऊन तुम्ही ठाकुरवाडीला गेलात, सेल शर्टाच्या खिशात घालून. आल्यावर एवढंच म्हणालात की तिचा बाप काही बोलला नाही. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तुम्ही चांगला चालणारा सेल काढून नवा बसवायचात. मी टॉर्च धरून उभी असायचे. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू ती, पण मी एकदाही म्हटलं नाही की सर, राहू द्या. तुम्ही गेल्यावर ड्रॉवरमध्ये सेलचं पाकीट सापडलं. त्यात एक शिल्लक होता.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता म्हणून फॉर्मच्या कामालाही तुमचंच मशीन घेतलं, आणि दारात एक बाई मुलीला घेऊन उभी राहिली. मुलीचा निवासी शाळेचा फॉर्म भरायचा होता. बाईने पिशवीतून दाखले काढले आणि मांडीवर हाताने सरळ करायला लागली. मी तिला तिथेच ओळखलं. साइट उघडली तर पान आलं. आता ते लाल नसतं, पांढरं असतं, आणि स्पष्ट म्हणतं, तुमचं घड्याळ मागे आहे. तारीख दुरुस्त केली, पान पुन्हा उघडलं, फॉर्म समोर आला. बाई बघत होती.

"एवढंच व्हतं?" ती म्हणाली.

मी मुलीचं नाव टाइप करायला घेतलं.

"तवा पण तुमीच व्हत्या ना हितं? सर आलेले आमच्या घरी. हातावर सेल ठेवला न म्हनाले, पोरी, माझी चूक हाय. डोल्यात पानी व्हतं त्यांच्या." मग म्हणाली, "पुढच्या वर्षाला बापानं लगीन लावून दिलं. आता फार्महाऊसवर जेवन बनवते. सरांवर राग नाय माझा. सेल संपला त्याला ते काय करतील?"

मी फॉर्म तीनदा तपासला. आईचं नाव, जन्मतारीख, दाखल्याचा नंबर. सबमिट केला, पावती छापून तिच्या हातात दिली. तिने ती मुलीच्या हातात दिली आणि मला विचारलं, "आता काय ऱ्हायलं नाय ना सांगायचं?" फॉर्मबद्दलच विचारत होती. मी म्हटलं, नाही, काही राहिलं नाही.

हे सगळं तुमच्या मशीनवर टाइप करतेय. छापणार नाही, छापून कुठे पाठवू? ठाकुरवाडीचा पत्ता आहे, फॉर्मवर मीच भरलाय, पण तिथे जायला तुमच्यासारखे पाय लागतात. पाकिटातला तो शेवटचा सेल अजून ड्रॉवरमध्ये आहे. चालतो, मी तपासलाय, बसवायला दोन मिनिटं लागतील. दर मंगळवारी ठरवते आणि बसवत नाही. लाइट येते, मशीन सुरू होतं, कोपऱ्यात ती जुनी तारीख येते, आणि घड्याळ दुरुस्त करायच्या आधी मी थोडा वेळ नुसती बघत बसते. त्या तारखेला तुम्ही आहात, सर, आणि ती मुलगी अजून घाट उतरून आलेली नाही.