बुंदी कुठे पाणी पिते

साकेत नगर, भोपाळ

प्रिय ताई,

तू पाठवलेला फोटो मिळाला. खरं तर तीनदा मिळाला. एकदा तुझ्याकडून, एकदा बाबांनी पुढे पाठवला म्हणून, आणि एकदा वरच्या मजल्यावरच्या शकुंतला आंटींनी जिन्यात थांबवून त्यांच्या फोनवर दाखवला म्हणून, कारण बाबांनी तो त्यांनाही पाठवला होता. पुण्यात तुमच्या सोसायटीजवळचं ते डॉग पार्क, ती हिरवळ, आणि मधोमध तो स्टीलचा नळ, ज्याच्या पायाशी कुत्र्यांसाठी वेगळं बसकं भांडं आहे. पायाने दाबलं की पाणी येतं, असं तू खाली लिहिलं होतंस. आणि त्याखाली, "बाबा, उन्हाळा तरी इकडे काढा. बुंदीलाही आणू. भोपाळात बिचारीला फिरताना घोटभर पाणी तरी मिळतं का?" ताई, मिळतं. कुठे मिळतं आणि कुठे नाही, हे आता या शहरात माझ्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल, आणि ते तुझ्या त्या एका वाक्यामुळे.

फोटोतल्या त्या भांड्यावर सावली नाही. मी मोठा करून बघितला. मे महिन्यात दुपारी स्टीलचं भांडं पुण्यातही तापत असणार. हे मी बाबांना सांगितलं नाही, कारण ते तुझीच बाजू घेऊन म्हणाले असते की मंजूने विचार केला असेल.

बुंदी तुझी आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही. टी. टी. नगरच्या बाजारात मिठाईच्या दुकानामागे ती तुला सापडली, तू तिला ओढणीत गुंडाळून आणलंस, आईने दारातच नको म्हटलं आणि अर्ध्या तासात स्वतःच दूध कोमट करून दिलं. नावही तू ठेवलंस. मग आई गेली, मग तू लग्न करून भाऊजींबरोबर पुण्याला गेलीस, आणि घरात बाबा, बुंदी आणि मी उरलो. तेव्हापासून तिच्या कानातल्या गोचिड्या मी काढते, तिच्या मागच्या पायाचं औषध मी भाकरीत लपवते, फटाक्यांच्या दिवसांत ती माझ्या पलंगाखाली थरथरते. आणि संध्याकाळी तुझा फोन आला, बाबांनी नेहमीप्रमाणे तो स्पीकरवर टाकला, की ती उठून बाहेरच्या दाराशी जाते. फोनकडे नाही, दाराकडे. तू जिना चढून येते आहेस असं तिला वाटतं. इतक्या वर्षांत तिला एकदाही कळलं नाही की तू येत नाहीयेस. बाबा दरवेळी हसतात आणि तुला सांगतात, "बघ, तुझी सखी उठली." तू तिकडे हसतेस. मी तिला दारापासून परत आणते.

मी चिडले की मोजत सुटते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. एम. पी. नगरच्या आमच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं पाणी तपासायचं आणि संध्याकाळी बुंदीला घेऊन शहरातल्या बागांचं पाणी तपासत हिंडायचं, असा माझा क्रम सुरू झाला. बरोबर घरातला पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर, पाण्यातले क्षार दाखवणारं पेनाएवढं यंत्र आणि आईची जुनी पितळी वाटी. खास कुत्र्यांसाठी म्हणून बांधलेली बाग मला सापडली नाही. माणसांच्या बागांपैकी बऱ्याच ठिकाणी फाटकावरच मनाईची पाटी. इस्पितळाच्या बाजूच्या बागेत जितेंद्र नावाचा गार्ड आहे, त्याने मला आणि बुंदीला आळीपाळीने न्याहाळलं आणि म्हणाला, "डॉगी बाहर रहेगी मैडम, आप चाहें तो अंदर घूम लें." बुंदीला बाहेर ठेवून मी आत जाऊन काय करणार होते ते त्यालाच ठाऊक. पण बाहेर झाडांना पाणी घालायचा नळ आहे आणि तो वापरायला त्याची हरकत नव्हती. त्या नळाला जोडलेला काळा पाइप दिवसभर उन्हात पडलेला असतो. पहिलं पाणी चहा टाकावा इतकं कढत येतं, म्हणून ते आधी गुलमोहराच्या बुंध्याशी सोडायचं आणि गार व्हायला लागलं की वाटी धरायची. दुसऱ्या एका कॉलनीच्या बागेत सकाळी ऊन चढेपर्यंत कुत्री चालतात, पण नळ माझ्या छातीएवढा उंच आणि त्याची चावी माळ्याच्या खिशात. तिसरीकडे बाग नाहीच, गाईंना पाणी प्यायला घराबाहेर बांधलेली सिमेंटची छोटी हौदी आहे, कडुनिंबाच्या सावलीत, पाणी गार, पण आतून शेवाळलेली. मी ती एका रविवारी ब्रशने घासून काढली. घरातल्या बाई बाहेर आल्या आणि तुम्ही नगर निगममधून आलात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला सरबत दिलं.

हे सगळं मी नकाशावर टाकलं आणि बाबांसमोर ठेवलं. तुझ्या फोटोशेजारी तो नकाशा बघून ते काहीतरी म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा लावला, आकडे वरून खाली वाचले, आणि विचारलं, "थर्मामीटर बर्फात घालून शून्य बघितलंस का?" ताई, मी बघितलं नव्हतं. लॅबमधलं प्रत्येक यंत्र मी तपासल्याशिवाय हातात धरत नाही, पण हा घरचा, म्हणून तसाच घेऊन निघाले होते. ज्या माणसाने कारखान्यात अख्खी नोकरी मोजमापाची यंत्रं बरोबर ठेवण्यात घालवली त्याच्या मुलीने. बाबांनी चष्मा काढून ठेवला. उठले, गुडघा धरून स्वयंपाकघरात गेले, फ्रीजमधला बर्फ फडक्यात घालून बत्त्याने ठेचला, ग्लासात भरला, वरून थोडं पाणी ओतलं. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो, बुंदी पायांत बर्फाचे तुकडे चाटत होती, आणि आकडा शून्याच्या दीड अंश वर थांबला. "म्हणजे तुझं सगळं पाणी दीड अंशाने गार झालं," बाबा म्हणाले. ते खूश होते. मला ते हसू माहीत आहे, फक्त माझ्या वाट्याला ते क्वचित येतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर ते बूट घालून बसलेले. सगळी ठिकाणं पुन्हा मोजायची म्हणाले, आणि यावेळी ते बरोबर येणार.

मग रोज आम्ही तिघं गाडीने निघायचो. बाबा पुढच्या सीटवर, बुंदी मागे, एसी पूर्ण चालू. नळाखाली वाटी मी धरायची, आकडा बाबांनी वाचायचा, आणि थर्मामीटर भिंतीला लागू देऊ नकोस, पाणी हलव, घाई करू नकोस, असं सांगत राहायचं. लोक बघायचे. बाबांना त्याची पर्वा नव्हती. हे तुला मी मुद्दाम सांगते आहे, कारण या दिवसांतलं तू काही बघितलेलं नाहीस. आईनंतर बाबा इतके कुठे गेले नव्हते. आणि हे तुझ्यामुळे नाही, तुझ्याशिवाय झालं, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी त्यांना पिपलानीला आपल्या जुन्या क्वार्टरकडे जायचं होतं, तिथल्या बागेत पाणी होतं असं त्यांना आठवत होतं. पाणी होतं. बागेबाहेर सुलभाकाकू भेटल्या, त्याच, आपल्या खालच्या क्वार्टरमधल्या. त्यांनी बुंदीला लगेच ओळखलं. बाबांनाही. माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "अगं, तू धाकटी ना? मंजूषाची बहीण?" मग आम्ही तिथल्या बाकावर बसलो आणि तुझ्याबद्दल बोललो. तुझा आवाज किती गोड होता, गणपतीत तू कशी सूत्रसंचालन करायचीस, त्यांच्या अरविंदला तू गणित कसं शिकवलंस. अरविंदला गणित मी शिकवलं होतं, ताई. तू त्याला फक्त पास झाल्यावर पेढा दिलास. मी बुंदीच्या पट्ट्याची गाठ सोडवत बसले. बाबांनीही दुरुस्ती केली नाही. कदाचित त्यांना आठवत नसेल. दीड अंशाची चूक त्यांना खपत नाही, पण ही खपली.

शेवटी जी जागा सर्वांत चांगली ठरली, ती आपल्या घरापासून फार लांब नाही. एका छोट्या बागेच्या कोपऱ्यात कुणीतरी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ प्याऊ बांधली आहे, तुमच्या पुण्याच्या भाषेत पाणपोई, नौतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांच्या आधी तिच्यातले माठ बदलतात आणि ओली पोती गुंडाळतात. संध्याकाळी कुत्री आणायला तिथे कुणाची ना नाही, आणि प्याऊचं सांडलेलं पाणी जिथे जमा होतं तिथे एक उथळ दगडी कुंड आहे, घोट्याइतकं, भटकी कुत्रीसुद्धा पितात. पाण्यात दोष नाही, मी आधी एकटीच जाऊन नमुना आणला आणि लॅबमध्ये तपासला. सावली दुपारी तीनपासून. मी मनात तुझ्या स्टीलच्या भांड्याला हरवलं होतं. तिथे पोचल्यावर बाबा बाकावर बसले, मी बुंदीला कुंडाशी नेलं, आणि ती प्यायली नाही. जीभ बाहेर लोंबते आहे, धाप लागली आहे, आणि तोंड फिरवून उभी. मी ओंजळीत दिलं, वाटीत दिलं, तिच्या नाकावर शिंपडलं. नाही. बाबा म्हणाले, "जागा नवी आहे, बुजली असेल," आणि मग म्हणाले, "थांब, मंजूला लावतो."

त्या संध्याकाळी तुला बाबांचा फोन आला होता, तुला आठवत असेल. तू कुकर लावत होतीस, शिट्टी ऐकू येत होती. बाबांनी सांगितलं की बुंदी पाणी पीत नाही, आणि तू म्हणालीस, "पी गं बुंदाबाई, पी, असं नाही करायचं." एवढंच. मग भाजीत मीठ घालायचं होतं म्हणून ठेवलास. इकडे काय झालं ते तुला माहीत नाही. बाबांनी फोन कुंडाच्या काठाशी धरला होता. बुंदीने कान टवकारले, इकडेतिकडे बघितलं, कारण तिथे जायला दार नव्हतं. मग मान खाली घातली आणि प्यायली. फोन बंद झाल्यावरही कितीतरी वेळ पीत राहिली. याचं साधं कारण देता येतं: तेवढ्या वेळात तिचा श्वास खाली बसला होता, फार धाप लागलेली असताना कुत्री लगेच पीत नाहीत. हे कारण बरोबर आहे. मी ते बाबांना सांगायला वळले, आणि त्यांचा चेहरा बघून थांबले. ते बुंदीकडे बघत नव्हते. बंद झालेल्या फोनकडे बघत होते, ती जशी दाराकडे बघते तसे. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिला तिचं माणूस कळतं." आकडा घ्यायचा राहिला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मीही परत गेले नाही.

तू पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते आहेस. फोनवर तू म्हणालीस की समोरासमोर बसून बोलू, बाबांवर कुणी जबरदस्ती करायची नाही, त्यांना जिथे राहायचं तिथे ते राहतील. तू नेहमीच असं न्यायाने वागतेस, आणि म्हणूनच तुझ्यावर रागावताही येत नाही. वर पत्ता घरचा घातला असला, तरी हे पत्र मी ऑफिसमधून लिहिते आहे, कारण घरी आपलं बोलणं तिघांत होतं आणि ही गोष्ट दोघींत राहायला हवी. ताई, त्यांना विचारू नकोस. तू विचारशील, ते आधी म्हणतील की मला काय, मी कुठेही राहीन. तू पुन्हा विचारशील. मग ते माझ्याकडे बघतील, आणि मग माझ्या नोकरीबद्दल, माझ्या लग्नाबद्दल, हिला मोकळं करायला हवं असं काहीतरी म्हणत तुझं नाव घेतील. मला ते उत्तर माहीत आहे. माहीत असणं मी सोसू शकते, ऐकणं नाही. तेव्हा हवं तर त्यांना ने, बुंदीलाही ने, उन्हाळा संपला तरी ठेवून घे. पण हट्ट करून ने. भांड, रडून दाखव, त्यांची बॅग तू भर, मी आडवी आले तर माझ्यावर ओरड. म्हणजे तू त्यांना ओढून नेलंस असं मला शकुंतला आंटींना सांगता येईल, सुलभाकाकूंना सांगता येईल, आणि रात्री रिकाम्या घरात स्वतःलाही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझीच, आणि बाबांचीही,
क्षितिजा