पाळण्याच्या कड्या

माधवनगर (सांगली),
सोमवार, दि. २० फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप मामंजी यांस,
अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्याबाईंनाही नमस्कार सांगावा. बनू बरी आहे. पेज खाते, हिरड्या शिवशिवतात म्हणून चमचा सोडत नाही. मावशीकडे आमची काही अडचण नाही, आणि मिरज इथून जवळ पडते. तुमचा खोकला कमी झाला असेल. मळ्यातला ऊस गेला असेल.

पाकिटावर ‘खासगी’ लिहिले आहे, तरी सुरुवात अर्जासारखी करते. झाले ते असे:

१. बनू ऑगस्टमध्ये साताऱ्याला, माझ्या माहेरी जन्मली. दवाखान्यातल्या नोंदीत आणि बारशाच्या फोटोत तिचे डोके दोन्ही बाजूंनी सारखे आहे.

२. दिवाळीनंतर तिला आपल्या घरी आणले. ती मधल्या खोलीतल्या पाळण्यात झोपू लागली. मी कारखान्यात कामावर रुजू झाले.

३. संक्रांतीच्या सुमारास डोके मागून उजवीकडे चपटे दिसू लागले. मिरजेच्या डॉक्टरांनी साच्यातून काढलेली चामड्याची टोपी सांगितली. ती पहिल्या वर्षातच घालायची असते. पुढे हाड वळत नाही.

४. टोपीच्या खर्चासाठी मी कारखान्याच्या कामगार आरोग्य विम्याकडे मागणी केली. या विम्याची वर्गणी माझ्या पगारातून दरमहा कापली जाते.

५. विम्याच्या समितीने मागणी फेटाळली. कारण दिले: ‘दोष जन्मजात, घराण्यात चालत आलेला.’ जन्मजात दोषाला विमा लागू नाही. खाली सही समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे तुमची.

अध्यक्षांना मी रीतसर उत्तर पाठवणार आहे. हे पत्र मामंजींना आहे.

काल तुमचे चिरंजीव आले होते. तुम्ही दिलेले पाकीट त्यांनी कोनाड्यात ठेवले आणि बराच वेळ उसाच्या तोडीबद्दल बोलले. मग म्हणाले, अर्ज मागे घे, टोपी घरच्या पैशातून होईल, मात्र गावात येताना ती पोरीच्या डोक्यावर नको. मी पाकीट न उघडता त्यांच्या पिशवीत परत ठेवले. ते तुम्हाला मिळाले असेल.

रागाने परत केले असे समजू नका. पहिली टोपी मी माझ्या पगारातून केली. डोके वाढेल तशी ती बदलावी लागते, आणि पुढच्या टोप्या माझ्या पगारात बसत नाहीत. पण घरचे पैसे घेतले असते तर कागदावर ‘जन्मजात’ हा शब्द तसाच राहिला असता, माझ्या मुलीच्या नावापुढे. शिवाय कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कामगार गुंडा, त्याचा मुलगाही एकाच बाजूला मान टाकून असतो. त्याला कोण पाकीट पाठवणार?

मी यांना विचारले, जन्मजात कशावरून? ते म्हणाले, “आमच्या घरात समद्यांचंच असतंय तसं. घराण्याचं डोकं म्हणत्यात त्याला.”

बनूची टोपी करणाऱ्या जोतीराम मिस्त्रींचा कॅलिपर, म्हणजे गोल वस्तू मोजायचा मोठा चिमटा, मी मागून आणला होता. तो मी यांच्या डोक्याला लावला. उजवीकडे कमी भरले. मावशी दारातून म्हणाली, “जावईबापू, तुमची बी टोपी सांगायची का?” ते हसले, पण हात डोक्यावरच राहिला.

लोक काय म्हणतील याची तुम्हाला काळजी आहे, म्हणून तेही कळवते. मिरजेहून येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, “पोरीला फटफटी घेतली का काय?” मावशी म्हणाली, “व्हय, लायसन निघायचं ऱ्हायलंय.” सगळी गाडी हसली. बनूही हसली. त्यापलीकडे काही झाले नाही.

आता खोलीबद्दल. मी आरेखक आहे, इमारतींचे नकाशे काढते, त्यामुळे कुठलीही खोली मला आधी वरून दिसते. आपल्या मधल्या खोलीला एकच खिडकी आहे, उत्तरेला. दारही त्याच बाजूला. समोरच्या अंगाला कणगी आणि कोरी भिंत. पाळण्याच्या कड्या तुळईत पक्क्या बसवलेल्या, आणि आपल्याकडे मुलाचे डोके पूर्वेलाच करतात. तसे निजवलेल्या मुलाच्या उजव्या हाताला उजेड येतो, माणसे येतात, भांडी वाजतात. डाव्या हाताला काहीच नाही. मूल दिवसभर उजवीकडे पाहते आणि त्याच बाजूवर डोके टाकून झोपते. हाड मऊ असते, ते बसते.

त्या कड्यांखाली जे वाढले त्यांची डोकी उजवीकडे बसकी आहेत. फौजी तात्या, तुमचे सख्खे धाकटे भाऊ, तुमच्या आईंच्या आजारपणामुळे दोन वर्षांचे होईपर्यंत शिराळ्याला आजोळी वाढले. त्यांचे डोके गोल आहे. घराणे तेच, पाळणा वेगळा.

मी कामावर जाते म्हणून पोरीचे असे झाले, हेही मला आडून ऐकवले गेले. तुमच्या आई कोणत्या कारखान्यात जात होत्या?

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाला होतात, “पोरीची जात हाय. केस आलं की झाकतंय.” तेव्हा मी पोळपाटावरून मान वर केली नाही. आता लिहिते. झाकावे लागेल असे डोके मी तिला देणार नाही.

कड्यांखाली वाढलेल्यांत एक नाव मी अजून घेतलेले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तुम्हाला ताप चढला होता. आत्याबाई इस्लामपूरला गेल्या होत्या, म्हणून पाण्याच्या घड्या मी ठेवल्या. फेटा सुटून उशीवर पडला होता. त्याचा उजवीकडचा एक पीळ नेहमी जास्त का असतो, ते मला त्या दिवशी समजले. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “दार लाव.” मी लावले. मग तापात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात, “हसू नका रं. जातो मी.” कोण हसत होते, ते मला कळले नाही. मी कोणाला विचारलेही नाही.

या महिन्यात आजोळाची चौकशी करायला मी तात्यांना लिहिले, तर ते स्वतःच आले. बनूची टोपी हातात घेऊन आतला मऊ लोकरीचा नमदा चाचपत बसले. मग म्हणाले, “भरतीला आमी दोघं गेलतो. दादा माझ्याम्होरं हुता. फेटा काढाय लावला, तशी मागची पोरं हसली. दादा रांगेतनं निघून गेला. मी ऱ्हायलो.” सुभेदार होऊन ते परत आले, तरी त्या दिवशी आपण तुम्हाला हाक का मारली नाही, हे त्यांना अजून उमगलेले नाही. ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तेव्हा मामंजी, बनूची टोपी तुम्हाला कोणाला दिसू द्यायची नाही, ते का, हे मला समजते. ते मला मान्य नाही. तुम्ही रांगेतून निघून गेलात. बनू निघणार नाही.

समितीपुढे मी तीन डोक्यांची मापे ठेवणार आहे: बनूचे, तिच्या वडिलांचे आणि तात्यांचे. दोघांनी होकार दिला आहे. यांनी तो जाताना पायरीवरून दिला, मागे न बघता, पण दिला. चौथे माप ठेवले तर माझी बाजू सर्वांत भक्कम होईल, हे मला माहीत आहे. ते मी ठेवणार नाही. मी लावलेले दार लावलेलेच आहे.

तुम्ही कोणापुढे फेटा उतरवावा असे मी म्हणत नाही. निकालातला ‘जन्मजात’ हा शब्द तुमच्या हाताने खोडून हवा आहे. तो राहिला, तर सोमवारच्या, ६ मार्चच्या बैठकीला मी बनूला घेऊन येईन, टोपी घालून, आणि तुमच्या समोर बसेन.

सोबत नकाशा आहे. ओसरीला लागून असलेल्या खोलीत दोन्ही बाजूंनी उजेड येतो. पाळण्याच्या कड्या कुठे बसवायच्या, त्या जागी खुणा केल्या आहेत. डोके पूर्वेलाच राहील, त्याला माझी हरकत नाही. कड्या हलल्याशिवाय मात्र मी घरी येणार नाही.

तुमचे उत्तर मला शनिवार, ४ मार्चपर्यंत मिळावे. एका ओळीचे चालेल.

आपली,
बनूची आई
अंजना